मिरीची पिशवी पाण्यावर

नदीकाठी एक गाव. गावात एक ट्रक. ट्रकमध्ये एक उंदरी.

उंदरी केवढी? तुझ्या अंगठ्याएवढी. नाव तिचं मिरी.

पाऊस थांबला होता. पण नदी थांबली नव्हती. नदी वर येत होती. चुबुक चुबुक. चुबुक चुबुक.

सगळं गाव टेकडीवर निघून गेलं होतं. हा एक ट्रक तेवढा मागे राहिला होता. घरापुढच्या चढावर उभा होता. तोंड टेकडीकडे, पाठ पाण्याकडे. घुर्र घुर्र. घुर्र घुर्र. मामी शेजारच्या काकूंना आणायला गेली होती. मामी आली की निघायचं, असं ठरलं होतं.

ट्रक होता शिदूमामाचा. मामा पुढे बसला होता. मागे सामानावर बसली होती त्याची तानूआत्या.

त्यांनी सामान कसं भरलं, ऐक हं.

आधी दोर टाकला. मग टॉर्च टाकली. शिट्टी टाकली. औषधांचा डबा टाकला. त्यावर ठेवलं पाण्याचं पिंप. पिंपावर टाकली मोठी गादी. गादीवर बसली आत्या. अडचणीत जे लागणार, ते सगळं तळाला. बसायला मऊ, ते वर. मोठी माणसं ना, त्यांना कोण सांगणार?

मग पिशव्या निवडल्या.

"ही नवी हाय," आत्या म्हणाली. "घ्या आत."

"ही चकचकीत हाय. घ्या आत."

"ही जुनी. रेक्झिनची. बंद बी तुटलाय. नगं ही."

आणि टाकली. भप्प. खाली अंगणात.

आत बघितलं का कुणी? नाही बघितलं.

त्या पिशवीत होत्या चिंध्या. चिंध्यांत होती मिरीची पिल्लं. गुलाबी पिल्लं. डोळे मिटलेली पिल्लं.

मिरी तेव्हा ज्वारीच्या पोत्यात होती. दाणे आणायला गेली होती. तुरु तुरु परत आली. बघते तर पिशवी नाही.

मिरीने इकडे पाहिलं. मिरीने तिकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. खाली अंगण नव्हतंच. पाणी होतं. पाण्यावर पिशवी तरंगत होती. पिशवीचा तुटका बंद शेवग्याच्या फांदीला अडकला होता. आणि शेवग्याची फांदी फार ठिसूळ असते.

फांदी मोडली, की पिशवी नदीत. पिशवी नदीत, की पिल्लं नदीत.

मिरीला भीती वाटली. भीती केवढी मोठी, आणि मिरी केवढीशी.

ट्रकच्या फळीला एक गळ टांगला होता. लोखंडाचा. वाकड्या बोटांचा. विहिरीत कळशी पडली की त्याने काढतात.

तुरु तुरु, तुरु तुरु. मिरी गळाकडे गेली.

"काय गं मिरी, झालं काय?" गळ म्हणाला.

मिरी म्हणाली,

"पिशवी येईना,
पिल्लं माझी पाण्यावर.
गळदादा, तू जाशील?"

गळ म्हणाला, "जाईन की. पण दोराशिवाय मी जाऊ कसा? आधी दोर निघू दे."

चुबुक चुबुक. पाणी पायरीवर आलं.

दोर कुठे होता? तळाला. सगळ्यांच्या खाली.

तुरु तुरु, तुरु तुरु. मिरी फटीतून आत गेली. दोराकडे गेली.

"काय गं मिरी, झालं काय?" दोर म्हणाला.

मिरी म्हणाली,

"गळ जाईना,
पिशवी येईना,
पिल्लं माझी पाण्यावर.
दोरदादा, तू निघशील?"

दोर म्हणाला, "निघेन की. पण पिंप बसलंय माझ्या पोटावर. आधी पिंप सरकू दे."

चुबुक चुबुक. पाणी ओट्यावर आलं.

तुरु तुरु, तुरु तुरु. मिरी पिंपाकडे गेली. पिंप निळं. पिंप गोल. पिंप पाण्याने गच्च भरलेलं.

"काय गं मिरी, झालं काय?" पिंप म्हणालं. डुबुक.

मिरी म्हणाली,

"दोर निघेना,
गळ जाईना,
पिशवी येईना,
पिल्लं माझी पाण्यावर.
पिंपदादा, तू सरकशील?"

पिंप म्हणालं, "सरकेन की. पण गादी पडलीय माझ्या डोक्यावर. आधी गादी हटू दे."

चुबुक चुबुक. पाणी उंबऱ्यावर आलं.

तुरु तुरु, तुरु तुरु. मिरी गादीकडे गेली.

"काय गं मिरी, झालं काय?" गादी म्हणाली. अगदी बारीक आवाजात म्हणाली. दबली होती ना बिचारी.

मिरी म्हणाली,

"पिंप सरकेना,
दोर निघेना,
गळ जाईना,
पिशवी येईना,
पिल्लं माझी पाण्यावर.
गादीताई, तू हटशील?"

गादी म्हणाली, "हटेन की. पण आत्या बसलीय माझ्या पाठीवर. आधी आत्या उठू दे."

चुबुक चुबुक. पाणी घरात शिरलं. चुलीत गेलं. फस्स. चूल विझली.

आणि शेवग्याची फांदी म्हणाली, कर्र.

तुरु तुरु, तुरु तुरु. मिरी आत्याच्या पदरावर चढली.

आत्याच्या मांडीवर एक ताम्हन होतं. ताम्हनात देव होते. देव्हाऱ्यातून उचलून आणलेले. चांदीचे, छोटे छोटे. आत्याने दोन्ही हातांनी ताम्हन धरलं होतं.

"काय गं मिरी, झालं काय?" आत्या म्हणाली.

मिरी म्हणाली,

"गादी हटेना,
पिंप सरकेना,
दोर निघेना,
गळ जाईना,
पिशवी येईना,
पिल्लं माझी पाण्यावर.
आत्याबाई, तू उठशील?"

आत्याचं तोंड पडलं. ती म्हणाली, "उठीन की. पण ह्ये द्याव हायत मांडीवर. द्याव उचललं की वाटंत कुठं टेकवायचं न्हाईत. आमच्या घरची रीतच हाय ती. शिदूनं धरलं तर उठीन. आधी शिदू उतरू दे."

"मामाला हाक मार ना," मिरी म्हणाली.

आत्याने हाक मारली. दोनदा मारली. पण ट्रक करत होता घुर्र घुर्र. मामाला ऐकूच गेली नाही. शिट्टी असती तर ऐकू गेली असती. शिट्टी कुठे होती? तळाला.

चुबुक चुबुक. पाण्याने कोंबड्यांचं खुराडं उचललं. खुराडं गोल फिरलं. मग गेलं. कोंबड्या नव्हत्या आत, म्हणून बरं.

तुरु तुरु, तुरु तुरु. मिरी खिडकीतून पुढे गेली. मामाच्या गुडघ्यावर बसली.

"काय गं मिरी, झालं काय?" मामा म्हणाला.

मिरी म्हणाली,

"आत्या उठेना,
गादी हटेना,
पिंप सरकेना,
दोर निघेना,
गळ जाईना,
पिशवी येईना,
पिल्लं माझी पाण्यावर.
शिदूमामा, तू उतरशील?"

मामा म्हणाला, "उतरीन की. पण हँडब्रेक गेलाय बघ. ब्रेकवरचा पाय काढला, तर गाडी सुटंल मागं. सगळीच जाऊ पाण्यात. मागच्या चाकाखाली दगड पायजे. आधी दगड हलू दे."

मामाचा पाय भरून आला होता. किती वेळ दाबून धरला होता त्याने. मामालाही भीती वाटत होती. फक्त तो तसं म्हणत नव्हता.

चुबुक चुबुक. घराची मागची भिंत मातीची होती. ती भिजली. वाकली. धप्प. भिंत गेली.

तुरु तुरु, तुरु तुरु. मिरी मागे आली. शेवटच्या फळीवर उभी राहिली. खाली दगड होता. मोठा. काळा. अर्धा पाण्यात.

"काय गं मिरी, झालं काय?" दगड म्हणाला.

मिरी म्हणाली,

"मामा उतरेना,
आत्या उठेना,
गादी हटेना,
पिंप सरकेना,
दोर निघेना,
गळ जाईना,
पिशवी येईना,
पिल्लं माझी पाण्यावर.
दगडोबा, तू हलशील?"

दगड म्हणाला, "हलेन की. पण मला पाय कुठे आहेत? म्हैस ढकलेल तर जाईन. आधी म्हैस सुटू दे."

म्हैस? कुठली म्हैस?

ती बघ. ट्रकच्या मागे, करंजाच्या झाडाला बांधलेली. ट्रकमध्ये तिला जागा नव्हती. "निघताना सोडू," मामा म्हणाला होता. सामान भरता भरता विसरला. आत्याही विसरली. पाणी तिच्या पोटाला लागलं होतं. म्हैस ओरडत नव्हती. ओरडून ओरडून दमली होती.

मिरीने उडी मारली. टुणुक. म्हशीच्या पाठीवर.

"काय गं मिरी, झालं काय?" म्हैस म्हणाली.

मिरी म्हणाली,

"दगड हलेना,
मामा उतरेना,
आत्या उठेना,
गादी हटेना,
पिंप सरकेना,
दोर निघेना,
गळ जाईना,
पिशवी येईना,
पिल्लं माझी पाण्यावर.
म्हशीबाई, तू सुटशील?"

म्हैस म्हणाली, "सुटेन की. मला काय हौस आहे इथे? पण दावं आहे माझ्या गळ्यात. आधी दावं तुटू दे."

चुबुक चुबुक. शेवग्याची फांदी वाकली. कर्र. कर्र.

तुरु तुरु. मिरी म्हशीच्या मानेवर गेली. दाव्याकडे गेली. दावं जाड. दावं ओलं. दावं घट्ट.

"काय गं मिरी, झालं काय?" दावं म्हणालं.

मिरीला धाप लागली होती. तरी ती म्हणाली. सगळं म्हणाली.

"म्हैस सुटेना,
दगड हलेना,
मामा उतरेना,
आत्या उठेना,
गादी हटेना,
पिंप सरकेना,
दोर निघेना,
गळ जाईना,
पिशवी येईना,
पिल्लं माझी पाण्यावर.
दाव्या, दाव्या, तू तुटशील?"

दावं म्हणालं, "तुटेन की. पण आपोआप कसं तुटू? आधी कुणीतरी कुरतडू दे."

कुणीतरी. मिरीने इकडे पाहिलं. कुणी नव्हतं. मिरीने तिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. सगळीकडे पाणी होतं, आणि मधे ती होती.

"कुणीतरी म्हणजे मीच की," मिरी म्हणाली.

मग तिने दात लावले.

कुरुम कुरुम. कुरुम कुरुम.

एक धागा तुटला. दुसरा धागा तुटला. दात दुखले. कुरुम कुरुम. जीभ सोलली. कुरुम कुरुम. पिल्लांकडे बघायला तिने मान वळवली नाही. मान वळवली, तर दात थांबले असते.

तट्.

दावं तुटलं.

म्हैस सुटली. आता ती पळून गेली असती, तर तिला कोण अडवणार होतं? ती थांबली. तिने डोकं खाली घातलं. दगडाला शिंगं लावली.

हूंऽऽ. घर्र. हूंऽऽ. घर्र.

दगड हलला. सरकत सरकत चाकाखाली गेला. ठप्प.

मामाने पाय उचलला. हळूच. ट्रक थोडा मागे आला. दगडावर टेकला. थांबला.

मामा उतरला. मागे धावला. तिथे त्याला म्हैस दिसली. गळ्यात तुटकं दावं. पोटापर्यंत पाणी.

"इसरलो गं तुला," मामा म्हणाला. म्हशीने त्याच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. तिला राग आला होता. यायलाच हवा.

मामाने हात वर केले. आत्याने ताम्हन दिलं. मामाने देव छातीशी धरले.

आत्या उठली.

आत्या उठली, गादी हटली. आत्याने गादी ओढली. जड होती. घसरली आणि पाण्यात पडली. फुगली आणि गेली. "जाऊ दे," आत्या म्हणाली.

गादी हटली, पिंप सरकलं. आत्याने कमरेने ढकललं. डुबुक डुबुक.

पिंप सरकलं, दोर निघाला.

पण गळ कोण टाकणार? मामाच्या हातात तर देव.

"सरक तिकडं," आत्या म्हणाली. आत्याने उभा जन्म विहिरीतून कळश्या काढल्या होत्या. तिने दोर गळाला बांधला. गाठ मारली. ओढून बघितली. मग पदर खोचला.

गळ गेला. सुंऽऽ. चुबुक. पाण्यात पडला.

आत्याने गळ ओढून घेतला. परत टाकला. सुंऽऽ. चुबुक. पाण्यात पडला.

कर्र, म्हणाली फांदी. कर्र. कर्र.

मिरीने डोळे मिटले.

सुंऽऽ.

कड्. फांदी मोडली.

पिशवी निघाली. नदीने तिला ओढलं. पण दोर ताठ झाला. गळाचं वाकडं बोट बंदात अडकलं होतं.

नदी ओढत होती तिकडे. आत्या ओढत होती इकडे. म्हैस आली. तिने दोर दातांत धरला. तिचा राग अजून गेला नव्हता. तरी तिने धरला.

हूंऽऽ. हूंऽऽ. हूंऽऽ.

पिशवी आली.

बाहेरून सगळी चिखलाची. आत्याने पिशवीचं तोंड उघडलं. मिरी आत शिरली. तुरु तुरु.

आत चिंध्या होत्या. कोरड्या. ट्रकमधल्या नव्या पिशव्या पिंपातून सांडलेल्या पाण्यात भिजून लिबलिबीत झाल्या होत्या. चकचकीत पिशवीतून पाणी गळत होतं. ही मात्र कोरडी.

चिंध्यांत पिल्लं होती. गार पडली होती. पण होती. सगळी होती. ची ची. ची ची.

आत्याने वाकून आत बघितलं.

"म्याच टाकली ही," ती म्हणाली. "आत बघितलं बी न्हाई."

मिरी पिल्लांना चाटत होती.

"आले, आले," लांबून मामी म्हणाली. मामी आली. काकू आल्या. दोघी कमरेपर्यंत भिजलेल्या. काकूंच्या हातात काहीच नव्हतं. त्यांचं घर आधीच गेलं होतं. आत्याने त्यांना हात दिला, वर घेतलं, पिंपावर बसवलं.

मग आत्या टॉर्च शोधू लागली. टॉर्च सापडली. शिट्टी सापडली. शिट्टी तिने गळ्यात घातली. औषधांचा डबा वर घेतला. दोर गुंडाळून हाताशी ठेवला.

गादी नव्हती. आत्या नुसत्या फळीवर बसली. फळी ओली होती.

"द्याव दे," ती मामाला म्हणाली.

मामाने देव दिले. आत्याने ते एका मांडीवर घेतले. दुसऱ्या मांडीवर घेतली पिशवी.

एका मांडीवर देव. दुसऱ्या मांडीवर पिल्लं. वाटेत कुठे टेकवायचं नाही.

घुर्र घुर्र. घुर्र घुर्र. ट्रक निघाला. मागून म्हैस चालली, मोकळी.

मागे ओटा गेला. मागे उंबरा गेला. मागे शेवगा गेला. सगळ्या गावावर पाणीच पाणी झालं. काकू रडल्या. मामीने त्यांचा हात धरला.

मिरीने मागे पाहिलं नाही. पिल्लांना भूक लागली होती. ती चिंध्यांत शिरली आणि पिल्लांना पाजू लागली.